दप्तराची दुसरी प्रत

मे महिना हा गोमंतकात पुरुमेंताचा महिना. पावसाच्या चार महिन्यांत बाजारात काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा भरवसा नसल्यामुळे सुकी मासळी, मिरची, सोले, कांदे, उकडे तांदूळ यांची बेगमी करून ठेवण्याची आमच्या घरांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. व्यापारीही याच सुमारास आपली दुकाने आणि गुदामे पावसाळ्यासाठी सज्ज करतात. कौले शाकारली जातात, पत्र्यांवर ताडपत्री चढते, गोण्या जमिनीवरून उचलून फळ्यांवर रचल्या जातात. मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत फेरी मारली तर ही लगबग दृष्टीस पडते. मात्र त्याच दुकानात सगळी उधारी, येणी-देणी, मालाचा साठा आणि सरकारला द्यावयाच्या कराचा हिशेब ज्या यंत्रात साठवलेला असतो, तो संगणक बहुधा गल्ल्याखाली, फरशीवर, धुळीने माखून पडलेला असतो. साखरेच्या गोण्यांसाठी इतका दक्ष असणारा दुकानदार आपल्या हिशेबाच्या बाबतीत इतका निर्धास्त कसा राहू शकतो, हे आम्हास न सुटलेले कोडे आहे.

त्याला विचारले तर 'बॅकअप घेतलेला आहे' असे उत्तर मिळते. कोठे घेतला आहे? त्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात, किंवा त्याला अहोरात्र लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमध्ये. केव्हा घेतला? गेल्या दिवाळीत, किंवा संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला होता तेव्हा. तो पुन्हा उघडून पाहिला आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तरच नसते. आजचा आमचा लेखनप्रपंच मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे.

संगणकापूर्वीच्या पेढ्यांवरील स्थिती निराळी होती. दिवसाचा प्रत्येक व्यवहार त्या दिवशीच्या रोजकिर्दीत उतरत असे आणि रोजकिर्दीवरून प्रत्येक आसामीच्या नावे खतावणी भरली जात असे. खतावणीला वाळवी लागली तरी मागील वर्षअखेरच्या बाक्या आणि चालू वर्षाची रोजकीर्द हाती असली की नवी खतावणी उभी करता येत असे. हिशेबनिसाला रात्री जागवाव्या लागत, चिमणीची काजळी नाकात जाई, मालकाची बोलणी खावी लागत. परंतु हिशेब बुडत नसे. ही दक्षता कोणी वेगळी म्हणून घेत नव्हते. जमाखर्चाच्या पद्धतीतच ती अंतर्भूत होती. संगणक आला आणि रोजकीर्द व खतावणी या दोन्ही वह्या एकाच चकतीवर जाऊन बसल्या. बेरजा आपोआप होऊ लागल्या, विवरणपत्रे एका कळीवर तयार होऊ लागली, आणि दोन वह्या दोन ठिकाणी असण्यात जी सुरक्षितता होती ती कोणाच्या ध्यानात न येता नाहीशी झाली.

ती परत मिळविण्याचा जो मार्ग संगणकशास्त्राने काढला आहे, तो या जुन्या रोजकिर्दीशी आश्चर्य वाटावे इतका मिळताजुळता आहे. त्याला 'इन्क्रिमेंटल बॅकअप' म्हणतात. आपण त्याला रोजची वाढीव नक्कल म्हणू. आरंभी एकदा सगळ्या दप्तराची पूर्ण नक्कल करून घ्यावयाची. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण दप्तर पुन्हा उतरवीत बसावयाचे नाही. मागील नकलेनंतर जे नवे आले वा जे बदलले, तेवढेच उचलून बाजूला ठेवावयाचे. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दिवसानंतरचे, चौथ्या दिवशी तिसऱ्या दिवसानंतरचे, असा क्रम. दुर्दैवाने संगणक निकामी झाला तर प्रथम पूर्ण नक्कल पसरावयाची आणि तिच्यावर एकेका दिवसाची वाढीव नक्कल क्रमाने चढवीत आदल्या रात्रीपर्यंत यावयाचे. मागील बाक्यांवर रोजकीर्द चढवून खतावणी उभी करण्याचेच हे काम, फक्त हिशेबनिसाऐवजी यंत्राने केलेले.

काय बदलले हे यंत्राला कसे कळते, असा प्रश्न चौकस वाचक विचारील. साधी व्यवस्था अशी की प्रत्येक फाइलवर ती शेवटची केव्हा बदलली त्याची तारीख व वेळ नोंदलेली असते. ती पाहून निवड केली जाते. अधिक सूक्ष्म व्यवस्थेत फाइलचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून गणिताने एक खूणक्रमांक काढला जातो आणि ज्या तुकड्याचा क्रमांक कालच्याहून निराळा तेवढाच उचलला जातो. हिशेबाची एखादी फाइल प्रचंड असेल आणि दिवसभरात तिच्यात पन्नासच पावत्या चढल्या असतील, तर पहिल्या पद्धतीने ती सगळी फाइल पुन्हा उतरावी लागते. दुसरीत पन्नास पावत्यांपुरते तुकडेच जातात. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये लिहिलेला 'आरसिंक' हा प्रोग्राम दोन ठिकाणच्या फाइलींतील फरक तेवढाच धाडण्याच्या याच कल्पनेवर चालतो. तो आजही कोणालाही फुकट वापरता येतो. ज्यांना सगळे महागडे तेच चांगले वाटते, त्यांच्यासाठी ही माहिती मुद्दाम दिली आहे.

याचे आर्थिक मर्म आकड्यांत पाहिल्याशिवाय नीट कळणार नाही. समजा एका घाऊक विक्रेत्याकडे बिले, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि हिशेब मिळून ४०० जीबी दप्तर आहे आणि दूरच्या ठिकाणी पाठविण्यासाठी त्याच्या इंटरनेटचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. सगळे दप्तर एकदा पाठवावयाचे तर अखंड सुमारे ४४ तास लागतील. आमच्या विजेची अवस्था पाहता ४४ तास अखंड ही कल्पनाच धाडसाची आहे. परंतु दिवसभरात बदललेला भाग २ जीबी असेल, आणि बहुतेक पेढ्यांचा तो याहून कमीच असतो, तर तेच काम १३-१४ मिनिटांत आटोपते. दुकानाचे दार ओढून मालक घरी पोहोचेपर्यंत दिवसाची नक्कल पोहोचलेली असते. मोठ्या कंपन्यांना जे परवडते ते छोट्या दुकानदाराला परवडण्याजोगे झाले ते या एका युक्तीमुळे. 'जागा पुरत नाही', 'वेळ लागतो', 'खर्च फार' या तिन्ही सबबींतील जीव तिने काढून घेतला आहे.

तरीही सबब सांगणारे सांगतातच, आणि त्यांत केवळ किराणा दुकानदार नसतात. संगणकाच्या क्षेत्रात जगाने ज्याचा कित्ता गिरवावा अशी ख्याती असलेल्या दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील देजॉन शहरातील शासकीय संगणक केंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. त्या आगीत 'जी-ड्राइव्ह' नावाचे सरकारी कर्मचाऱ्यांचे सामाईक कोठार जळाले. कार्यालयीन कागदपत्रे आपापल्या संगणकावर न ठेवता या कोठारातच ठेवा, असे कर्मचाऱ्यांना बजावण्यात आले होते. ८५८ टेराबाइट इतका मजकूर गेला आणि त्याची बाहेर कोठेही प्रत नव्हती. कोठार फार मोठे असल्यामुळे बाहेर प्रत ठेवता आली नाही, असे त्यावर स्पष्टीकरण देण्यात आले. कोठार मोठे होते हे खरे; पण त्यात रोज पडणारी भर म्हणजे अख्खे कोठार नव्हे. पूर्ण नक्कल एकदाच, मग ती करावयास महिना का लागेना, आणि त्यानंतर रोजची भर, एवढ्यासाठीच तर ही पद्धत निर्माण झाली. एका श्रीमंत राष्ट्राच्या शासनाला ते जमले नाही याचे कारण तंत्रात शोधण्यात अर्थ नाही. ही जबाबदारी कोणाची, हे कोणी ठरविलेच नव्हते, असा आमचा तर्क आहे. आमच्याकडील कचेऱ्यांचा कारभार जवळून पाहिलेल्या कोणालाही तो तर्क दूरचा वाटणार नाही.

येथवर वाचून कोणी उत्साहाने रोजची वाढीव नक्कल सुरू करील तर त्याचे स्वागतच आहे. परंतु या पद्धतीत एक मोठा धोका आहे आणि विकणारे तो ठळकपणे सांगत नाहीत. वाढीव नक्कल ही साखळी आहे. रविवारी पूर्ण नक्कल केली आणि शनिवारी संगणक बिघडला तर रविवारची पूर्ण व सोमवार ते शुक्रवारच्या पाच वाढीव, अशा सहाही नकला शाबूत हव्यात. त्यांतील बुधवारची खराब निघाली तर मंगळवारच्या पुढे खात्रीने जाता येत नाही. गुरुवार आणि शुक्रवारच्या नकला हाती असूनही त्या कशावर चढवावयाच्या हा प्रश्न उरतो. रोजकिर्दीचे मधलेच पान फाटले तर पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक कोठून आली हे जसे कळेनासे होते, तसेच हे आहे. आणि जागा मोकळी करावी म्हणून एखाद्या उत्साही कारकुनाने 'जुनी' म्हणून पहिली पूर्ण नक्कलच पुसून टाकली, तर तिच्यानंतरच्या सगळ्या नकलांचा पायाच निघून जातो. म्हणून साखळी फार लांबू द्यावयाची नसते. आठवड्यातून एकदा, निदान महिन्यातून एकदा, नवी पूर्ण नक्कल करून नव्या साखळीस आरंभ करावा लागतो. 'डिफरन्शियल' नावाचा दुसरा प्रकार आहे, त्यात रोज शेवटच्या पूर्ण नकलेनंतरचे सगळे बदल एकत्र उचलले जातात. जागा थोडी अधिक लागते, परंतु परत उभारणीच्या वेळी पूर्ण नक्कल आणि शेवटची नक्कल या दोनच पुरतात. ज्याच्याकडे या कामासाठी स्वतंत्र माणूस नाही अशा छोट्या पेढीला हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा, असे आमचे मत आहे.

साखळी तुटलेली आहे हे कळणार मात्र कसे? ती ओढून पाहिल्यावाचून कळत नाही. 'गिटलॅब' या संगणकतज्ज्ञांच्याच कंपनीवर ३१ जानेवारी २०१७ रोजी गुदरलेला प्रसंग या दृष्टीने प्रत्येक व्यापाऱ्याने जाणून घ्यावा असा आहे. रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करीत बसलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या संगणकावर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबीच्या चालू माहितीपैकी, चूक ध्यानात येऊन हात थांबेपर्यंत, साडेचार जीबीच उरली. बॅकअपच्या एक सोडून पाच व्यवस्था तेथे होत्या. एकेक उघडून पाहिली तेव्हा एकही कामाची निघाली नाही. नित्याची नक्कल प्रोग्रामांच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे मुळी होतच नव्हती. ती होत नसल्याची सूचना देणारी पत्रे टपाल-यंत्रणेने संशयास्पद ठरवून परत फिरविली होती. आणि दूरचे कोठार उघडले तर ते रिकामे. सुदैवाने सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने वेगळ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. तरीही सुमारे ५००० प्रकल्पांतील अलीकडच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती हातची गेली. त्या कंपनीचे आम्हास कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की तिने हे काहीही न झाकता स्वतः प्रसिद्ध केले आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केले नाही. आमच्याकडे असे घडते तर पहिला तासभर दोष कोणाचा हे ठरविण्यात गेला असता.

नक्कल कोठे ठेवावयाची, हा दुसरा प्रश्न. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे 'ओव्हीएच' कंपनीचे पाच मजली संगणक केंद्र जळून खाक झाले. राखीव प्रतीसाठी वेगळे पैसे मोजलेल्या काही ग्राहकांना तेव्हा कळले की त्यांची राखीव प्रतही त्याच इमारतीत होती. अशा एका ग्राहकाच्या दाव्यात लील येथील व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीला भरपाई देण्यास फर्माविले. भरपाईने दप्तर परत येत नाही, हे त्या ग्राहकाला न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती.

या बाबतीत गोमंतकाला बाहेरून धडे घेण्याचे कारण नाही, इतका जुना धडा आमच्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. पोर्तुगीज राजवटीविषयी आमच्या मनात ममत्व असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण कागद जपण्याची त्यांची शिस्त नाकारण्याचेही कारण नाही. १५९५ मध्ये त्यांनी गोव्यात दप्तरखाना स्थापन केला आणि दिओगो द कौतु या इतिहासकाराकडे तो सोपविला. लिस्बन आणि गोवा यांच्यामधील पत्रव्यवहार गलबतांतून होई, आणि गलबते बुडत, लुटली जात. म्हणून महत्त्वाचे पत्र एकाच प्रतीत धाडीत नसत. त्याच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या गलबतांतून पाठवीत आणि प्रत्येकीवर पहिली 'व्हिया', दुसरी 'व्हिया' असे नोंदवीत. एक बुडाली तरी दुसरी पोहोचावी ही त्यातील दृष्टी. पुढे १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झाले आणि पूर्वेकडील व्यापाराचा सारा कारभार पाहणाऱ्या 'कासा द इंदिया'चे दप्तर त्यात नष्ट झाले. त्या काळाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना म्हणूनच पणजीतील 'मोन्सोंइश दु रैनु' या ग्रंथमालेकडे वळावे लागते. राजधानीतील दप्तर गेले. हजारो मैलांवरच्या वसाहतीत राहिलेले कागद उरले. राखीव प्रत दूर असावी, या नियमाचा याहून मोठा पुरावा आम्हास ठाऊक नाही.

आमच्या हवामानात तर अंतराचे महत्त्व अधिकच आहे. किनाऱ्यावरील खारी हवा आणि ओल यंत्रांना आतून गंजविते. मृगापूर्वीच्या गडगडाटात विजेचा दाब वरखाली होऊन किती यंत्रे जातात हे दुरुस्तीच्या दुकानांत विचारावे. १५-१६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा गोव्याचे कित्येक भाग दिवसचे दिवस अंधारात होते. त्याच वर्षीच्या जुलैत शेजारच्या चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि सत्तरी, बार्देश, डिचोली या आमच्या तालुक्यांनीही पूर पाहिला. दुकानातील संगणक आणि त्याच दुकानाच्या कपाटातील चकती यांना पाणी वेगवेगळी वागणूक देत नाही. मालकाने आठवड्याची चकती घरी न्यावी, हे तर आहेच. पण घर दुकानाच्याच माडीवर असेल तर एवढ्याने भागत नाही. एखादी प्रत निराळ्या तालुक्यात, किंवा इंटरनेटद्वारे दूरच्या सर्व्हरवर हवी.

'आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर असते' असे अलीकडे पुष्कळांकडून ऐकू येते. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की जुळवून ठेवलेला फोल्डर आणि राखीव प्रत या दोन भिन्न वस्तू आहेत. आरशासमोरील माणसाने टोपी काढली की आरशातीलही काढतो. तसे येथे पुसले की तेथेही पुसले जाते. तेथील कचरापेटीत पुसलेली वस्तू काही दिवस राहते हे खरे, पण तेवढ्या दिवसांत कोणाच्या लक्षात आले तर! खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारे जे 'रॅन्समवेअर' आज सर्वत्र बोकाळले आहे, त्याने बिघडवलेल्या फाइलीही अशाच निमूटपणे पलीकडे जातात, आणि संगणकाला लावून ठेवलेल्या चकतीलाही ते सोडीत नाही. म्हणून एक प्रत नेहमी तोडून ठेवलेली, म्हणजे वायरीने वा जाळ्याने कशालाच न जोडलेली हवी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि रुग्णालयाला जवळजवळ दोन आठवडे कागद-पेन्सिलीवर कारभार चालवावा लागला. रुग्णांची माहिती अखेर परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असे शासनाने संसदेत सांगितले. तो एक सर्व्हर हल्ल्यातून सुटला नसता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

कायद्याने या बाबतीत काही केलेले नाही असे नाही. कंपन्यांच्या हिशेबांसंबंधीच्या २०१४ च्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन, संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे, असे ठरले. पूर्वी तेथे 'ठरावीक कालावधीने' अशी सैल शब्दयोजना होती. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपण्याचे बंधन कंपनी कायद्यात आहेच. रोजची प्रत म्हटले की ती वाढीव पद्धतीनेच व्यवहार्य ठरते, म्हणजे कायद्याने एका अर्थी या पद्धतीला मान्यताच दिली. जे कंपनी नाहीत, साधे नोंदणीकृत व्यापारी आहेत, त्यांनाही वस्तू व सेवा कराचा ५७ वा नियम लागू आहे. अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता येतील अशा रीतीने त्यांची प्रत ठेवावी, असे तो सांगतो. या नियमाचा भर 'पुन्हा उभ्या करता येतील' यावर आहे, आणि आमच्या मते हा शब्दप्रयोग कंपनी नियमातील 'रोज' या शब्दाहून शहाणपणाचा आहे. परंतु व्यवहारात काय होते? लेखापरीक्षक विचारतो, बॅकअप घेता काय? उत्तर येते, होय. चौकटीत बरोबरची खूण होते. ती चकती दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवा, असे म्हणणारा परीक्षक आमच्या ऐकिवात नाही.

एखाद्या दुकानाचा हिशेब बुडाला तर दुकानदाराचे नुकसान होते, त्याच्या नोकरांचा पगार अडतो, उधारी बुडविण्याची संधी काही सज्जनांना मिळते. परंतु सहकारी पतसंस्थेचे दप्तर बुडाले तर शेकडो ठेवीदारांच्या आयुष्याची पुंजी संशयात सापडते. मासळी विकून रोज शंभर-दोनशे रुपये पिग्मीत टाकणाऱ्या बाईजवळ पुरावा म्हणून असते ते एक पासबुक, आणि तेही दर वेळी भरलेले असतेच असे नाही. तिचा पैसा किती हे सांगणारा एकमेव साक्षीदार संस्थेचा संगणक असतो. ३१ जुलै २०२४ रोजी अनेक छोट्या बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते सुरळीत झाले, पण 'आमचे सगळे कंपनी बघते' असे सांगणाऱ्या संचालक मंडळांनी त्या एका दिवसात काय केले असेल? कंपनी बघते हे ठीक. कंपनीने आपल्या संस्थेची प्रत कोठे ठेवली आहे, ती शेवटची केव्हा उघडून पाहिली आणि कंपनी उद्या बंद पडली तर ती आपल्या हाती येईल काय, हे तीन प्रश्न संचालकांनी लेखी विचारावेत व लेखी उत्तर घ्यावे. ती प्रत परवलीच्या किल्लीने बंद केलेली असेल तर किल्ली कोणाजवळ आहे हेही विचारावे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांजवळ ठेवणाऱ्या संस्था या किल्लीच्या बाबतीत मात्र एका कारकुनाच्या स्मरणशक्तीवर विसंबतात.

गोवा सहकारी संस्था कायद्याखाली या संस्थांचे लेखापरीक्षण होतेच. सहकार निबंधकांनी त्या अहवालात दोन रकान्यांची भर घालावी, अशी आमची सूचना आहे. राखीव प्रतीवरून दप्तर कोऱ्या संगणकावर शेवटचे कोणत्या दिवशी उभे करून पाहिले, हा पहिला. आणि त्याला किती तास लागले व त्या दिवशीची रोख शिल्लक आणि ठेवींची बेरीज मूळ दप्तराशी जुळली की नाही, हा दुसरा. याला नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही आणि मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्‌घाटनही लागत नाही.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत पुढाकार त्यांच्याच संघटनांनी घेतला पाहिजे. १९०८ पासून या भूमीत काम करणारी गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था आणि तालुक्यातालुक्यांतील व्यापारी संघ यांना हे सहज करता येण्याजोगे आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी एखाद्या शनिवारी सभागृहात चार-सहा कोरे संगणक मांडावेत, जाणते तंत्रज्ञ बसवावेत आणि सभासदांना सांगावे की भाषणे ऐकण्यास येऊ नका, आपापली बॅकअपची चकती घेऊन या. तेथे ती उघडावी, कालच्या तारखेचे बिल त्यातून काढून दाखवावे. ज्यांचे उघडणार नाही त्यांची संख्या मोठी निघेल असा आमचा अंदाज आहे, आणि ती निघाली तर ती प्रसिद्ध करण्यास आम्ही आनंदाने जागा देऊ; नावे अर्थातच देणार नाही. आपला हिशेब शेजारच्या दुकानदाराच्या दृष्टीस पडू नये ही व्यापाऱ्याची चिंता रास्त आहे. त्यासाठी प्रत्येकास वेगळे टेबल द्यावे आणि तपासणी संपताच तो संगणक त्याच्यादेखत पुसून कोरा करून द्यावा, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.